सीपीओ नेमला, पण त्याच्या हाती काय दिले?

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीत 'चीफ प्रॉडक्ट ऑफिसर', म्हणजे सीपीओ, या पदाची ओळख करून देणारा लेख वाचला. पगार आला, एमबीए आले, 'कंपनीतला छोटा सीईओ' हे बिरुदही आले. हा माणूस कामावर येऊन नेमके काय करतो, तेवढे मात्र आले नाही. या वाटेला लागणाऱ्या मुलामुलींना आणि हे पद निर्माण करायला निघालेल्या मुंबईतल्या मध्यम कंपन्यांना तेच कळायला हवे. म्हणून पत्र जरा लांबले आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.

पहिल्यांदा ते 'छोटा सीईओ' प्रकरण. सीईओच्या हातात तिजोरी असते, नेमणुका असतात. सीपीओकडे काय असते? त्याचे प्रॉडक्ट मॅनेजर, डिझायनर आणि आकडेवारी पाहणारी चार माणसे. अभियंते सीटीओचे, म्हणजे तंत्रज्ञानप्रमुखाचे, जाहिरात मार्केटिंगची, ग्राहकाला दिलेला शब्द विक्री विभागाचा. वस्तू दुसऱ्याच्या हातून घडते आणि तिसऱ्याच्या तोंडून विकली जाते. काय करायचे, आधी काय करायचे आणि काय करायचेच नाही, एवढे ठरवणे सीपीओकडे उरते. तेवढेही दिले नाही, तर त्याच्याकडून फक्त सादरीकरणे तयार होतात.

कल्पना तशी जुनी आहे. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिराती सांभाळणाऱ्या नील मॅकएलरॉय यांनी वरिष्ठांना टिपण लिहिले: प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी एका माणसावर द्या. साबण, तेल, टूथपेस्ट विकणाऱ्या मुंबईला ब्रँड मॅनेजर काही नवा नाही. फरक इतकाच की साबणाची वडी एकदा कारखान्याबाहेर पडली की बदलत नाही. ॲप दर पंधरा दिवसांनी बदलते, आणि प्रत्येक बदल कोणीतरी ठरवलेला असतो.

लोकलचे मोबाइल तिकीट पाहा. रुळांजवळ उभे राहून रेल्वेच्या यूटीएस ॲपवर पेपरलेस तिकीट निघू नये, अशी आखणी केली गेली. कारण उघड आहे: समोर टीसी दिसला की तिकीट काढणारे कमी नाहीत. पण ही मर्यादा घातली की धावतपळत स्टेशनात शिरलेला प्रामाणिक प्रवासीही अडतो, शिवाय मोबाइलचे जीपीएस दाट वस्तीत चुकते. मग स्टेशनात क्यूआर कोड लावले गेले. छापील कोडचा फोटो काढून तो कुठेही स्कॅन करता येत असे, म्हणजे मूळ प्रश्न मागच्या दाराने परत. किती प्रामाणिक माणसांची गैरसोय करून किती फुकट्यांना आळा घालायचा, याचे गणित मांडून त्यावर सही करणे हे या पदाचे काम. रंग, बटणे, आकर्षक मांडणी हे सगळे त्यानंतर.

नकाराचे गणित पुरवणीत येत नाही, म्हणून ते उदाहरणाने मांडतो. समजा, कंपनीत ४८ अभियंते आहेत. तिमाहीत १३ आठवडे, म्हणजे ६२४ माणूस-आठवडे. रजा आणि सणांचे ६० वजा करा (गणपती-दिवाळीच्या तिमाहीत याहून जास्त), राहिले ५६४. त्यातला चौथा हिस्सा जुन्या बिघाडांच्या दुरुस्तीत जातो, म्हणजे १४१. नियामकाचे बदल, ऑडिट आणि सुरक्षेच्या तपासण्यांना ८०. उरले ३४३. एक मध्यम आकाराची नवी सोय डिझाइन, अँड्रॉइड, आयफोन, सर्व्हर आणि चाचणी धरून २५ माणूस-आठवडे खाते. म्हणजे तिमाहीत १३ सोयी. मागण्यांच्या यादीत ४० असतील, तर २७ जणांना नकार द्यायचा आहे. त्या सत्तावीसांत एमडी साहेबांनी रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर पाठवलेली कल्पना असते आणि सगळ्यात मोठ्या ग्राहकाने मागितलेला खास रिपोर्टही असतो.

हा नकार तोंडी दिला की टिकत नाही. प्रत्येक मागणीसाठी एक पान पुरते: ही अडचण कोणाची, आज ती किती वेळा येते, माणसे सध्या कशी निभावून नेतात, खर्च किती आठवडे, आणि कोणता आकडा दिसला की आपला अंदाज चुकला असे मानायचे. शेवटचा रकाना सगळे जण रिकामा सोडतात. तो भरून घेतला तर निम्मे मागणीदार स्वतःच माघार घेतात.

मोठ्या ग्राहकासाठी केलेली खास सोय तर फार महागात पडते. बांधायला चार आठवडे लागले, हे सगळ्यांना दिसते. पुढे प्रत्येक आवृत्तीत ती वेगळी तपासावी लागते, तिच्यामुळे दुसरीकडे काहीतरी तुटते, आणि तो ग्राहक सोडून गेल्यावरही कोड तसाच राहतो, कारण काढायची कोणाचीच हिंमत होत नाही. अशा पाच-सहा सोयी साचल्या की नवा अभियंता तीन महिने नुसता बावरलेला असतो. शक्य असेल तिथे ती सर्वांना मिळणारी सेटिंग म्हणून करावी, नाहीतर विक्रीप्रमुखाला स्पष्ट नाही सांगावे. आणि विक्रीने परस्पर तारीख देऊन टाकली असेल, तर ती तारीख कोणाच्या संमतीने दिली हे त्याच आठवड्यात विचारावे. पुढच्या वेळी तशी तारीख दिली जात नाही.

आता आकड्यांकडे वळू. संचालक मंडळापुढे डाउनलोडचा आलेख ठेवायची पद्धत आहे, आणि तो कायम वरच जातो, कारण एकूण डाउनलोड कधी कमी होतच नाहीत. पाहायचा तो महिनावार टिकाव-तक्ता: जानेवारीत आलेल्यांपैकी फेब्रुवारीत, मार्चमध्ये, जूनमध्ये किती टिकले. दरमहा ५ टक्के ग्राहक सोडून जातात, हे ऐकायला किरकोळ वाटते. वर्षाने शंभरातले ५४ उरतात. गळती ३ टक्क्यांवर आणली तर ६९. हा पंधरा जणांचा फरक जाहिरातीचे बजेट दुप्पट करूनही सहज भरून निघत नाही.

याच तक्त्याशी पैशाचा हिशेब जोडलेला आहे आणि तिथे चांगले शिकलेले लोकही फसतात. एक ग्राहक आणायला ६०० रुपये लागले आणि तो दरमहा ४० रुपये नफा देतो. ६०० भागिले ४०, पंधरा महिन्यांत वसुली, असे स्लाइडवर लिहिले जाते. पण दरमहा ५ टक्के गळती असेल तर पंधराव्या महिन्यापर्यंत निम्म्याहून जास्त ग्राहक निघून गेलेले असतात. गळती धरून बेरीज केली तर वसुलीला २७ महिने लागतात. पंधरा महिन्यांच्या भरवशावर कर्ज काढून जाहिरात करणाऱ्या कंपनीचे पुढे काय होते, ते सांगायला नको. हे गणित वित्तप्रमुखाने करावे असे कोणी म्हणेल. गळती कशाने कमी होईल हे मात्र त्याला ठाऊक नसते, म्हणून हिशेब दोघांनी एकत्र बसून करायचा.

कोणता आकडा वाढवायचा, ही निवड तर त्याहून नाजूक. मुंबई हे शेअरबाजाराचे शहर, म्हणून तिथलेच उदाहरण घेतो. ब्रोकिंग ॲपने 'सक्रिय ट्रेडर' आणि 'दररोजचे सौदे' हे मुख्य आकडे धरले की डिझाइनर मंडळी एफ अँड ओचे (फ्युचर्स आणि ऑप्शन्स या जोखमीच्या सौद्यांचे) बटण मोठे करतात आणि सौद्यानंतर शाबासकीची चित्रे उडवतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात असल्याचे दिसले. पाठोपाठ त्याच वर्षी कराराचा किमान आकार १५ लाखांवर गेला आणि आठवडी समाप्तीचे करार प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते उरले. ज्या कंपनीचे उत्पन्न त्या सौद्यांवर उभे होते तिला एका परिपत्रकाने धक्का बसला. आपला आकडा ग्राहकाच्या तोट्यावर वाढतो आहे का, हा प्रश्न सेबीच्या आधी सीपीओने विचारायचा असतो. त्यात परोपकार कसला नाही, हा निव्वळ धंद्याचा विचार आहे.

'आम्ही ए-बी टेस्ट करूनच ठरवतो' हे वाक्य मुलाखतींत फार ऐकू येते. निम्म्यांना जुने पान, निम्म्यांना नवे दाखवून तुलना करायची, ती ही टेस्ट. शंभरातले ५ जण अर्ज पूर्ण करतात आणि नव्या पानाने ते साडेपाच होतील का, एवढे पाहायचे असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे ३० हजार माणसे लागतात (९५ टक्के खात्री आणि ८० टक्के क्षमता हे संख्याशास्त्रातले नेहमीचे निकष धरून). ज्या ॲपवर महिन्याला चार हजार माणसे अर्ज उघडतात, तिथे दोन आठवड्यांत निकाल लागला असे कोणी सांगत असेल, तर तो नाणे उडवून आलेला छापा दाखवतो आहे. कमी वर्दळीच्या ठिकाणी आठ-दहा ग्राहकांना समोर बसवून त्यांना ॲप वापरताना पाहावे. कुठे अडते ते सहाव्या माणसापर्यंत बहुधा कळलेले असते.

नवी आवृत्ती बाहेर सोडण्याचीही एक शिस्त आहे. आधी एक टक्का लोकांना, मग पाच, वीस, पन्नास आणि शेवटी सगळ्यांना. प्ले स्टोअरवर टक्के आपण ठरवतो. ॲपलची टप्प्याटप्प्याची पद्धत सात दिवसांची आहे आणि तिचे टक्के ठरलेले असतात. फोनवर पोहोचलेली आवृत्ती मागे घेता येत नाही, पुढचे वाटप तेवढे थांबवता येते. म्हणून प्रत्येक धोक्याचा बदल सर्व्हरवरून बंद करता येईल अशा स्विचमागे ठेवतात. तो स्विच कोण दाबणार, त्याचा फोन नंबर काय आणि कोणता आकडा किती घसरला की दाबायचा, हे आदल्या दिवशी लिहिलेले हवे. ब्रोकिंगमध्ये ९.१५ ते ३.३० या वेळात हात लावायचा नाही. कर्ज-हप्त्यांच्या ॲपमध्ये महिन्याचा पहिला आठवडा टाळायचा, ३१ मार्चच्या आसपास तर कोणीच काही सोडू नये. शुक्रवारी संध्याकाळी 'छोटासाच बदल' सोडणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे.

मुंबईतले हे पद बेंगळुरूपेक्षा वेगळे आहे, ते इथल्या धंद्यांमुळे. बँका, विमा, एनबीएफसी (बँकेतर वित्तसंस्था), म्युच्युअल फंड हे इथले मोठे मालक; रिझर्व्ह बँक फोर्टात आणि सेबी वांद्रे-कुर्ला संकुलात. त्यामुळे नियम वाचता येणे हे इथल्या सीपीओचे अर्धे भांडवल. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी कर्जदाराला करारापूर्वी मुख्य तथ्यपत्रक देणे, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणे आणि ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करू देणे बंधनकारक केले. 'परत करू देणे' लिहायला एक ओळ. ॲपमध्ये त्यासाठी वेगळा पडदा (स्क्रीन), व्याजाचा नवा हिशेब, हप्त्याचे मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द झाल्याची नोंद आणि क्रेडिट ब्युरोला दुरुस्ती, एवढे लागते. हे विधी विभागाने परिपत्रक पुढे पाठवले म्हणून होत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'चे, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे, १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्ये, वर्गणी सहजी रद्द करू न देणारे भुयार हे त्यातले काही. वाढीच्या मागे लागलेल्या टीमला असली क्लृप्ती आठवड्यात आकडा वाढवून दाखवते. तक्रारी, परतावे आणि वाईट रेटिंग तीन महिन्यांनी येतात, तोवर क्लृप्तीवाला बढती घेऊन दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून पैसे कापणारा, संमती घेणारा किंवा खाते बंद करणारा कोणताही पडदा सीपीओच्या लेखी मंजुरीशिवाय बाहेर जाऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर संमतीच्या पडद्याला तर हे जास्तच लागू आहे.

मराठी ग्राहकाबद्दल या मंडळींचे अज्ञान मात्र थक्क करणारे आहे. 'आमचे ॲप मराठीत आहे' असे सांगतात. म्हणजे इंग्रजी वाक्ये मशिनला देऊन आलेली भाषा बटणांवर चिकटवलेली असते, आणि बटणाची उंची रोमन अक्षरांची, त्यामुळे वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. एसएमएसची गोष्ट खर्चाचीच आहे. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. संदेश जोडून पाठवला तर प्रत्येक तुकड्यात ६७, आणि काना, मात्रा, अनुस्वार स्वतंत्र मोजले जातात. 'मुंबई' या तीन अक्षरी शब्दाला पाच जागा लागतात. दीडशे खुणांचा मराठी संदेश तीन एसएमएसच्या दराने जातो. खर्च पाहिला की वित्त विभाग 'इंग्रजीच पाठवा' म्हणतो, आणि ज्या आजीला फसवणुकीचा इशारा समजायला हवा तिच्यापर्यंत इंग्रजी संदेश पोहोचतो. उपाय साधा आहे: हप्ता, पैसे कापले आणि फसवणूक हे तीन संदेश मराठीत, ६५-७० खुणांत बसतील असे नव्याने लिहायचे. प्रत्येक साच्याची डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर) पूर्वनोंदणी लागते आणि शब्द बदलला की पुन्हा मंजुरी, म्हणून मजकूर जाणत्या माणसाकडून आधीच तपासून घ्यायचा.

नावांचा घोळ याहून महाग पडतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. मधले नाव लग्नाआधी वडिलांचे, नंतर पतीचे. पॅन माहेरच्या नावाने, बँक खाते सासरच्या. जुन्या आधारवर कधी जन्माचे फक्त वर्ष असते. 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' अशा दोन चौकटींत हे कोंबले की केवायसीची जुळणी फसते, आणि डॅशबोर्डवर फक्त 'ग्राहकाने अर्ज अर्धवट सोडला' एवढे उमटते. अर्ज सोडलेला नसतो, ॲपने अडवलेला असतो. शब्दांचा क्रम न पाहता तुलना करणे, मधले नाव वेगळे असल्यास थेट नाकारण्याऐवजी माणसाकडे तपासायला पाठवणे आणि विवाह प्रमाणपत्र जोडायची जागा देणे, या तीन बदलांना एका टीमची तिमाहीसुद्धा लागू नये. पण ते सुचण्यासाठी सीपीओने डोंबिवली किंवा भाईंदरच्या शाखेत दिवसभर काउंटरमागे बसावे लागते. विशेषतः विवाहित स्त्रियांचे किती अर्ज परत जातात ते तिथे डोळ्यांना दिसते.

चालू वस्तू बंद करणे हेही याच पदाचे काम, आणि त्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. आधी नवी विक्री थांबवायची, मग जुन्या ग्राहकांना किमान ९० दिवसांची सूचना आणि त्यांची माहिती उतरवून घ्यायची सोय द्यायची. उरलेल्या मुदतीचे पैसे त्यांनी मागण्याआधी परत करायचे, ऑटो-डेबिटची मँडेट रद्द करायची. कोड सगळ्यात शेवटी काढायचा. वित्तसंस्थेत मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात, म्हणून सर्व्हर बंद करण्याआधी त्या वाचता येतील अशा स्वरूपात दुसरीकडे ठेवायच्या. मँडेट रद्द करायची राहिली की बंद झालेल्या सेवेचे पैसे कापले जातात, आणि मग कंपनीचे नाव आपल्याच वर्तमानपत्राच्या तक्रार सदरात येते.

ज्या कंपनीत चार-पाचपेक्षा कमी प्रॉडक्ट मॅनेजर आहेत तिला सीपीओ लागतच नाही. संस्थापक किंवा एक प्रॉडक्टप्रमुख पुरतो. सहा ते आठ अभियंत्यांमागे एक प्रॉडक्ट मॅनेजर हे साधारण प्रमाण धरले तर कंपनीला स्वतःच हिशेब करता येईल. नेमलाच, तर तो सीटीओच्या किंवा मार्केटिंगच्या हाताखाली ठेवू नये, थेट सीईओकडे असावा. आणि किंमत ठरवताना त्याचा शब्द असावा, कारण सवलत देऊन विकलेली वस्तू चांगली आहे की नुसती स्वस्त, हे कोणताच तक्ता सांगू शकत नाही.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी म्हणूनच तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षात कोणती सोय बंद केली आणि तो निर्णय कोणाचा होता. किमतीवर शेवटची सही कोणाची. आणि गोपनीयतेच्या करारावर सही करतो, मागच्या बारा महिन्यांचा टिकाव-तक्ता दाखवाल का. पहिल्याचे उत्तर 'आम्ही काही बंद करत नाही' असे आले आणि तिसऱ्याला डाउनलोडचा आलेख पुढे झाला, तर सध्याच्या नोकरीचा राजीनामा देण्याची घाई करू नये.

आपला,
प्रॉडक्ट क्षेत्रात काम करणारा एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)
गोरेगाव पूर्व, मुंबई